इंजिनाचे ओझे कोणी वाहावे?

(गंगाखेड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

विजेवर चालणाऱ्या खाजगी वाहनाचा पल्ला वाढविण्यासाठी त्याच्यावर पेट्रोलचे किंवा गॅसचे छोटे इंजिन बसवावे काय, हा आजचा विषय. हे इंजिनिअरांचे काम आहे, कार्यकर्त्यांनी त्यात डोके का घालावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु यंत्राची रचना कशी असावी या प्रश्नाच्या पोटात त्या यंत्राचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न बहुधा दडलेला असतो. आणि दुसरा प्रश्न इंजिनिअरांवर सोपवून चालत नाही. म्हणून आज आपण आधी यंत्र समजून घेऊ, मग हिशेब मांडू आणि शेवटी त्यातून आपली मागणी काय असावी ते पाहू.

कल्पना मुळात सोपी आहे. विजेच्या गाडीत बॅटरी असते आणि बॅटरी मोटार फिरवते. बॅटरी संपली की गाडी थांबते. ती थांबू नये म्हणून गाडीतच एक लहान इंजिन आणि त्याला जोडलेले जनित्र ठेवावयाचे. हे इंजिन चाके फिरवीत नाही. ते फक्त वीज तयार करते, आणि चाके मोटारच फिरवते. इंजिनाला चढउताराची, गर्दीची किंवा गिअरची पर्वा करावी लागत नसल्यामुळे ते आपल्या सोयीच्या एकाच वेगाने चालू शकते.

ही रचना नवी आहे असे कोणी सांगितले तर त्याला आपल्या गावच्या रेल्वे स्टेशनावर न्यावे. परभणी–परळी मार्गावर वर्षानुवर्षे जी डिझेल इंजिने धावली, त्यांची रचना नेमकी हीच होती. डिझेल इंजिन जनित्र फिरवी, जनित्र वीज देई आणि चाकांजवळच्या मोटारी गाडी ओढीत. रस्त्यावरच्या वाहनांत हा प्रयोग त्याहूनही जुना आहे. १९०० च्या सुमारास फर्डिनांड पोर्श या तरुण तंत्रज्ञाने चाकांत मोटारी बसविलेली आणि पेट्रोल इंजिनांनी वीज निर्माण करणारी गाडी तयार केली होती. बॅटरीचे वजन आणि तिचा तोकडा पल्ला ही त्याचीही अडचण होती. पुढे शतकभर पेट्रोल स्वस्त राहिले आणि ही कल्पना रस्त्यावरून बाजूला पडली.

अलीकडच्या काळात ती पुन्हा वर आली. अमेरिकेत २०१० च्या अखेरीस शेव्हरोले कंपनीची ‘व्होल्ट’ मोटार बाजारात आली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१३ मध्ये आपल्या ‘आय-३’ या विजेच्या मोटारीत स्कूटरचे ६४७ सीसीचे इंजिन आणि अवघी नऊ लिटरची टाकी बसवून पल्ला वाढविला. २०१८ मध्ये युरोपात हा प्रकार बंद करण्यात आला, कारण तोवर त्याच मोटारीत मोठी बॅटरी बसू लागली होती. चीनमध्ये मात्र मोठ्या कौटुंबिक मोटारींत ही रचना आज लाखोंच्या संख्येने विकली जाते. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी आणि भारत फोर्ज या कंपन्यांनी २०१० मध्ये ‘रेव्होलो’ नावाचा जोडसंच जाहीर केला होता. त्याची दिशा उलट होती. पेट्रोलच्या जुन्या मोटारीला विजेच्या मोटरची मदत द्यावयाची. तोही सर्वसामान्यांपर्यंत पोचला नाही.

तेव्हा कल्पना चुकीची नाही, शास्त्राला धरून आहे. प्रश्न एवढाच की, गंगाखेडच्या माणसाला ती कितपत उपयोगाची आहे? आपल्या तालुक्यात चारचाकी थोड्या आणि दुचाकी फार. दूध घालणारा, खेड्यावर शिकवायला जाणारा शिक्षक, बाजाराला भाजी आणणारी बाई आणि तिचा मुलगा, कोर्टकचेरीसाठी परभणीला जाणारा शेतकरी, ही आपली माणसे. म्हणून आपण हिशेब दुचाकीचाच करू.

विजेची स्कूटर साधारणपणे एका किलोमीटरला तीन शतांश युनिट वीज खाते. भिंतीतल्या प्लगपासून बॅटरीपर्यंत थोडी गळती होते, ती धरून साडेतीन शतांश म्हणू. सारे आकार धरून घरगुती युनिट दहा रुपयांना पडते असे मानले, तर किलोमीटरला पस्तीस पैसे खर्च येतो. पेट्रोलची स्कूटर लिटरला पन्नास किलोमीटर चालते आणि पेट्रोल एकशे पाच रुपये आहे असे धरले, तर किलोमीटरला दोन रुपये दहा पैसे लागतात. आपल्या जिल्ह्याला तर हा भाव अधिकच बोचतो. मनमाडच्या डेपोपासून परभणी लांब, वाहतुकीचा खर्च त्यावर चढतो. २०१८ मध्ये भाव भडकले तेव्हा राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलसाठी परभणीचे नाव वर्तमानपत्रांतून गाजले होते. म्हणजे विजेच्या वाहनाची खरी निकड मुंबईपेक्षा आपल्याला अधिक आहे.

आता त्या स्कूटरवर छोटे जनित्र बसवू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. लहान इंजिन तिच्यापैकी जेमतेम पाव हिस्सा विजेत रूपांतरित करते, बाकीची उष्णता होऊन जाते. लिटरला सव्वादोन युनिट वीज मिळाली आणि बॅटरीत जाता-येता थोडी गळाली, तर हाती दोन युनिट राहतात. त्यावर स्कूटर साठ-पासष्ट किलोमीटर जाईल. साथींनो, साधी शंभर सीसीची मोटारसायकल लिटरला एवढे अंतर आजही जाते! म्हणजे बॅटरी, मोटार, जनित्र आणि इंजिन एवढा सगळा संसार पाठीवर घेऊन आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. इंजिनावर काटलेला प्रत्येक किलोमीटर एक रुपया साठ पैशांना पडतो. प्लगवरच्या किलोमीटरच्या साडेचार पट.

वजनाचा हिशेबही करू. किलोवॅटभर वीज देणारे जनित्र टाकीसह पंधरा-वीस किलोचे होते. जवळजवळ तेवढ्याच वजनात दोन युनिटची जादा लिथियम बॅटरी बसते आणि तीही साठ-पासष्ट किलोमीटरचाच पल्ला देते. शिवाय तिला धूर नाही, आवाज नाही आणि तेलपाणीही नाही. कोणी हौशी मनुष्य बाजारातले जनित्र स्कूटरच्या मागे बांधून पाहू म्हणेल. त्याला दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, बहुतेक स्कूटरी चार्जिंग चालू असताना चालूच होत नाहीत. दुसरी, तापलेले धुराडे, पेट्रोलची टाकी आणि लिथियम बॅटरी यांचा शेजार चांगला नव्हे. आणि बंद जागेत जनित्राचा धूर माणसाला कळू न देता मारतो.

इंजिनाचा पक्ष का दुबळा होत गेला, याचे अर्थशास्त्रीय कारण बॅटरीच्या किमतीत आहे. २०१० मध्ये एका युनिटची साठवण करणारी लिथियम बॅटरी जागतिक बाजारात हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये तिची सरासरी किंमत सुमारे ११५ डॉलरवर आली. बॅटरी महाग होती तेव्हा ती लहान ठेवून सोबत इंजिन देणे शहाणपणाचे होते. ती स्वस्त होऊ लागताच इंजिनाची गरज कमी होत गेली. पुण्याच्या बजाज कंपनीची विजेची ‘चेतक’ २०२० मध्ये विक्रीस आली तेव्हा कंपनी ९५ किलोमीटरचा पल्ला सांगत असे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या चेतकला साडेतीन युनिटच्या बॅटरीवर १५३ किलोमीटरचा पल्ला सांगितला गेला. कंपनीचा आकडा रस्त्यावर थोडा कापूनच घ्यावा लागतो, तरी दिशा स्पष्ट आहे. इंजिन न बसविताच पल्ला वाढला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. वीज तरी कुठे स्वच्छ आहे? परळीच्या औष्णिक केंद्राची राख ज्यांच्या शेतावर पडते त्यांना विजेची गाडी निर्मळ आहे असे सांगणे ही थट्टाच होईल. आक्षेप खरा आहे, पण आकडे पाहू. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने विजेची स्कूटर किलोमीटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास सोडते. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २३०० ग्रॅम जातो. म्हणजे पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला शेहेचाळीस ग्रॅम आणि जनित्रावर चालणारी विजेची स्कूटर सुमारे पस्तीस ग्रॅम सोडते. कोळशाची वीज धरूनही प्लगच सरस ठरतो. शिवाय केंद्रातली वीज उद्या सौरऊर्जेकडे वळू शकते. एकदा घरोघर बसलेले इंजिन वळत नाही. राखेचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो वेगळा लढावाच लागेल.

दुसरा विचार उसाचा. पल्ला वाढविणारे इंजिन इथेनॉलवर चालवा, आपल्या भागात साखर कारखाने आहेत, शेतकऱ्याला पैसा मिळेल, असे सुचविले जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये इथेनॉल आणि वीज या दोन्हींवर चालणारी एक मोटार दिल्लीत समारंभपूर्वक दाखविण्यातही आली. परंतु मराठवाड्याने पाण्याचा विचार आधी करावयास हवा. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून चालणार नाही. ज्या भागात वीज केंद्र आणि शहर दोन्ही तहानलेली राहतात, तेथे स्कूटरच्या टाकीसाठी ऊस वाढवा असे सांगणे कोणत्याही शेतकरी चळवळीला शोभणार नाही. मळीतून जे इथेनॉल सहज निघते त्याचा उपयोग जरूर व्हावा. त्यासाठी नवा ऊस नको.

चारचाकीचा हिशेब काहीसा वेगळा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मोठ्या मोटारीला किलोमीटरला दुचाकीच्या चार-पाच पट वीज लागते, बॅटरी अवजड होते आणि लांबच्या प्रवासात इंजिनाचा उपयोग असतो. परंतु तेथेही मनुष्यस्वभाव आडवा येतो. प्लग आणि पेट्रोल या दोन्हींवर चालणाऱ्या मोटारींचा प्रत्यक्ष वापर युरोपीय आयोगाने तपासला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार त्या मोटारी कागदावरील आकड्यांच्या सुमारे साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडीत होत्या, कारण लोक त्या ठरल्याइतक्या प्लगला लावीतच नव्हते. सवलत विजेची घ्यावयाची आणि गाडी पेट्रोलवर चालवावयाची, असा हा व्यवहार झाला.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. माणसाला आपल्या गाडीवर इंजिन हवेसे का वाटते? गंगाखेडहून परभणी चाळीसएक किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी, आजच्या चांगल्या स्कूटरला हे जमते. नांदेडला जाऊन परत येणे मात्र एका दमात जमत नाही. तरीही नांदेडला आपण रोज जात नाही. वर्षातले वीसेक दिवस असे लांबच्या प्रवासाचे धरू आणि त्या प्रत्येक दिवशी पन्नास किलोमीटर इंजिनावर काढावे लागतील असे मानू. वर्षाचे हजार, पाच वर्षांचे पाच हजार किलोमीटर. इंजिनाचा संच वीस हजारांना पडला असे गृहीत धरले, तर केवळ भांडवलाचा बोजा किलोमीटरला चार रुपये झाला. पेट्रोल धरून पाच रुपये साठ पैसे. याच प्रवासाला साध्या एस. टी. चे भाडे किलोमीटरला दोन रुपयांच्या आत आहे आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना त्याच्या निम्मे. म्हणजे वर्षातल्या वीस दिवसांच्या भीतीपोटी माणूस तीनशे पंचेचाळीस दिवस इंजिनाचे ओझे वाहतो.

ही भीती खोटी नाही. रस्त्यात चार्जिंगची सोय नाही, गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि एस. टी. ची मुक्कामी गाडी येईल याची खात्री नाही. पण हे तिन्ही दोष वाहनाचे नाहीत. ते सार्वजनिक व्यवस्थेचे आहेत, आणि त्यांची भरपाई प्रत्येकाने आपापल्या खिशातून करावी असे त्याला सांगितले जात आहे. आपण हे पूर्वी पाहिले आहे. भारनियमनाच्या वर्षांत बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानापुढे एक जनित्र धडधडत होते आणि ज्याला परवडले त्याने घरात इन्व्हर्टर घेतला. नळाला पाणी आले नाही तेव्हा ज्याची ऐपत होती त्याने बोअर घेतले, बाकीचे टँकरपाशी रांगेत उभे राहिले. असे खाजगी उपाय ज्यांच्या आवाक्यात असतात, त्यांचाच आवाज सरकारदरबारी पोचत असतो. त्यांची सोय झाली की सार्वजनिक सोयीसाठी भांडणारा आवाज क्षीण होतो आणि व्यवस्था आणखी खचते. स्कूटरवरचे इंजिन हे या परंपरेतले पुढचे पाऊल आहे.

याउलट रेल्वेने काय केले ते पाहा. पल्ला वाढविण्यासाठी तिनेही काही दशके प्रत्येक गाडीपुढे जनित्र फिरविले. पुढे सरकारने रुळांवर तारा टाकल्या आणि गाडीवरचे इंजिनच उतरवून ठेवले. आज देशातील ब्रॉडगेज जाळ्याचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग विजेखाली आला आहे. डब्यात बसलेल्या प्रवाशाला आपला पल्ला किती उरला याची चिंता करावी लागत नाही, कारण ती चिंता समाजाने एकत्रितपणे उचलली आहे.

आपल्या तालुक्यात हे कसे करता येईल? त्यासाठी स्वप्नरंजनाची गरज नाही. आपल्या हवामानात एक किलोवॅटचे सौरपटल दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावर पाच किलोवॅट बसविले तर वीस युनिट. म्हणजे सहा-सात स्कूटरींच्या भरल्या बॅटऱ्या. दूधसंकलन केंद्र, बाजारसमितीचे आवार, एस. टी. स्थानक, प्राथमिक आरोग्य केंद्र, या जागा रस्त्यावर पाच-दहा कोसांच्या अंतराने आहेतच. तेथे सार्वजनिक प्लग असेल तर पल्ल्याचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. ग्रामीण गरजेसाठी ग्रामीण संस्था तंत्र घडवू शकते, हेही आपल्याच राज्यात दिसले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सायकलरिक्षा ओढणाऱ्याचे श्रम हलके व्हावेत म्हणून विजेची रिक्षा तयार केली. आणि विजेची वाहने शहरी श्रीमंतांची चैन समजली जात होती त्या काळात तयार केली.

मग इंजिनाला मुळीच जागा नाही काय? आहे. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडीवर रात्री जाणारी रुग्णवाहिका, पशुवैद्यकाची गाडी, माल वाहणारी तीनचाकी, जेथे थांबणे म्हणजे जीव किंवा रोजी गमावणे आहे, तेथे जनित्र सोबत असावे. आणि ज्याला क्वचित लांब जावयाचे त्याच्यासाठी जनित्र सामायिक असावे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील एसी प्रॉपल्शन या छोट्या कंपनीने विजेच्या मोटारीमागे जोडावयाची जनित्राची ट्रॉली तयार केली होती. लांब जाताना जोडावी, परत आल्यावर सोडावी. आपल्याकडे मळणीयंत्र प्रत्येक शेतकरी विकत घेत नाही, हंगामात भाड्याने आणतो. मोटारींसाठी अशी ट्रॉली किंवा दुचाकींसाठी बदलावयाच्या जादा बॅटऱ्या सहकारी संस्थेने ठेवल्या, तर वीस दिवसांची गरज वीस दिवसांच्या भाड्यात भागेल.

शेवटी करांविषयी. विजेच्या वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे. इंजिनही बाळगणाऱ्या मोटारींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान असल्यास अठरा आणि मोठी असल्यास चाळीस टक्के आहे. हा फरक काढून टाकावा अशी मागणी मोटार कारखानदारांकडून होत राहील. आपण तिला साथ देण्याचे कारण नाही. दुसरीकडे, दुचाकीसाठी केंद्राचे अनुदान जून २०२३ मध्ये युनिटमागे पंधरा हजारांवरून दहा हजारांवर आले. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचविण्यात आला, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. आणि त्यानंतरच्या धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळाली. दूधवाल्याच्या स्कूटरचे अनुदान घटते आणि तीस लाखांच्या मोटारीचा कर माफ होतो, यात यंत्रशास्त्र कोठे आहे? हा निव्वळ वर्गाचा प्रश्न आहे.

तेव्हा आपल्या मागण्या तीन. महागड्या मोटारींवरचा तो कर पुन्हा लावावा आणि त्याचे उत्पन्न ग्रामीण भागातील सार्वजनिक चार्जिंगसाठी बांधून द्यावे. एस. टी. च्या बंद पडलेल्या खेड्यांतील फेऱ्या सुरू कराव्यात. आणि इंजिनावरची सवलत फक्त रुग्णसेवा व मालवाहतूक यांच्यापुरती ठेवावी. आपण प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन दोन आकडे गोळा करावेत: रोज किती जण किती किलोमीटर जातात, आणि गावठाणाची वीज दिवसातून किती तास जाते. निवेदन त्यानंतर लिहू. आकड्यांवाचून दिलेले निवेदन फायलीत पडून राहते. पुढच्या बैठकीला येताना हे दोन आकडे सोबत असू द्यावेत.